बाण सोडण्याआधी: हरणाच्या धनुष्यशिकारीत अंतर ओळखणे आणि नेम धरणे

धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याच्या हातून हरीण जखमी होऊन निसटते, तेव्हा दोष बहुधा हाताला दिला जातो. माझ्या अनुभवात मात्र हाताने चूक केल्याचे प्रसंग थोडे आहेत आणि डोळ्यांनी चूक केल्याचे जास्त. नेम नीट धरलेला असतो, बाण सरळ सुटतो आणि तरीही तो भलतीकडे लागतो, कारण पंचवीस वार (यार्ड) समजलेले अंतर प्रत्यक्षात तेहतीस वार असते. म्हणून या लेखात अंतराला नेमापेक्षा जास्त जागा दिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि साधन बंदूक असो वा धनुष्य, त्याने काही फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये इतर मार्गांनी हरणाची शिकार करता येते, पण धनुष्यबाणाने करता येत नाही. मी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहतो. तेथे सप्टेंबरच्या मध्यापासून धनुष्यबाणाचा हंगाम सुरू होतो आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना काढून करता येते. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला त्याआधी शिकारीचे शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. ज्या देशात किंवा राज्यात हे कायदेशीर आहे तेथे राहणाऱ्या आणि मारलेल्या हरणाचे मांस घरी शिजवून खाणाऱ्या वाचकांसाठी पुढील मजकूर आहे. ज्यांना केवळ रानातील लक्ष्यांवर, म्हणजे फोमच्या प्राण्यांवर किंवा मैदानी तिरंदाजीत अज्ञात अंतरावर बाण मारायचे आहेत, त्यांनाही अंतराविषयीचा भाग तसाच्या तसा उपयोगी पडेल.

वार म्हणजे किती, हे अंगाला माहीत हवे

अमेरिकेत धनुर्धर अंतर यार्डात मोजतात. मराठीत त्यालाच वार म्हणतात आणि नऊवारी, पाचवारी या शब्दांमुळे तो आपल्या घरातलाच आहे. एक वार म्हणजे तीन फूट, म्हणजेच मीटरपेक्षा साडेआठ सेंटिमीटरने कमी. भारतात मीटरवर तिरंदाजी शिकलेल्या माणसाने हा फरक क्षुल्लक समजू नये, कारण ३० मीटर म्हणजे जवळजवळ ३३ वार होतात. अंतर मोजण्याचे लेसर यंत्र, म्हणजे रेंजफाइंडर, चुकून मीटरवर राहिले आणि धनुष्याच्या खुणा वारांच्या असल्या, तर यंत्राने अचूक आकडा दाखवूनही बाण खाली जातो. हंगामाच्या पहिल्या दिवशी घरातून निघण्यापूर्वी यंत्राच्या पडद्यावरचे अक्षर पाहून घ्यावे.

आपल्याकडे मैदानावर खेळत वाढलेल्या बहुतेकांच्या अंगात एक अंतर आधीच मुरलेले असते, ते म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी. यष्टीपासून यष्टीपर्यंत २२ वार. गोलंदाजाच्या टोकाला उभे राहून समोरचा फलंदाज किती मोठा दिसतो, चोरटी धाव घेताना किती पावले पडतात, हे डोळ्यांना आणि पायांना ठाऊक असते. धनुष्यशिकारीत योग्य म्हणता येईल असा बहुतेक पल्ला याच खेळपट्टीच्या आत किंवा तिच्या थोडा पलीकडे संपतो. एकदिवसीय सामन्यातील आतल्या वर्तुळाची त्रिज्या ३० वारांची असते आणि ते अंतर माझ्यासाठी शेवटची मर्यादा आहे. म्हणून नवशिक्याला माझे पहिले सांगणे असे की, जवळच्या मैदानावर जाऊन यष्ट्यांच्या मागे दहा मिनिटे नुसते उभे राहावे आणि २२ वार डोळ्यांत साठवावेत. मग कॅमेऱ्याची तिपाई, पाण्याची बाटली, सायकल असे काहीही दुसऱ्या टोकाला ठेवून ते त्या अंतरावर केवढे दिसते हे पाहावे.

यातली अडचण अशी की, हे २२ वार आपण सपाट, मोकळ्या आणि उजेडाच्या जागी शिकलेलो असतो. रान तसे नसते.

डोळा कुठे फसतो

उघड्या, एकसारख्या पृष्ठभागावर, म्हणजे कापलेल्या शेतावर, बर्फावर किंवा पाण्यावर, वस्तू आहे त्यापेक्षा जवळ वाटते. भर उन्हातली वस्तूही जवळ वाटते. याउलट अंधुक प्रकाशात, झाडांच्या बोगद्यातून पाहताना, किंवा प्राण्याचा थोडासाच भाग झुडपातून दिसत असताना तो दूर वाटतो. उंचावरून खाली पाहिले की अंतर कमी वाटते, खालून वर पाहिले की जास्त. हे सर्व सैन्यात अंतर ओळखायला शिकवताना सांगितले जाते आणि रानात त्याचा पडताळा रोज येतो. हरणे पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतात, म्हणजे नेमका प्रकाश बदलत असतानाच. चार वाजता वीस वार वाटलेले झाड साडेपाचला पंचवीसवर गेल्यासारखे दिसते, पण झाड हललेले नसते.

सर्वांत धोकादायक प्रसंग म्हणजे मध्ये घळ किंवा ओढा असणे. घळीचा तळ पूर्ण दिसत असेल, तर पलीकडची वस्तू दूर वाटते. मात्र घळ आपल्या नजरेआड असेल, म्हणजे अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ एकाला एक लागून दिसत असतील, तर मधले अंतर डोळा सरळ गिळून टाकतो. मी यातच फसलो. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी कोरड्या ओढ्यापलीकडे एक मादी आडवी उभी राहिली. यंत्र खिशात होते आणि ते काढण्याची हालचाल मला नको होती. पंचवीस वार असतील असे मी ठरवले, पंचवीसची पिन, म्हणजे धनुष्यावरची त्या अंतराची नेमाची खूण, धरली आणि बाण सोडला. ती दचकून उडाली आणि निघून गेली. खाली उतरून पाहिले, तेव्हा ओकच्या वाळलेल्या पानांवर जाड, पांढरट केसांचा एक झुबका पडला होता, जणू कुणी कात्रीने कापून ठेवला होता. बाणाच्या काडीला रक्तापेक्षा चरबीच जास्त लागली होती. पांढरट केस म्हणजे बाण छातीच्या तळाला चाटून गेला होता. थेंब थेंब रक्त दीडशे पावलांपर्यंत दिसले आणि मग थांबले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी शोधले, पण ती सापडली नाही. अशी वरवरची जखम बहुधा भरून येते, असे तेथल्या जुन्या शिकाऱ्यांनी सांगितले. तेवढ्याने मनाला आराम पडत नाही. नंतर यंत्राने मोजले, तेव्हा अंतर ३३ वार निघाले.

आठ वारांची चूक एवढी महाग का पडते

बाण सरळ रेषेत जातो असे वाटते, पण सुटल्या क्षणापासून तो खाली येऊ लागतो. सेकंदाला २८० फूट वेगाने निघालेला कंपाऊंड धनुष्याचा (टोकांना चाके असलेल्या आधुनिक धनुष्याचा) बाण २० वारांपर्यंत सुमारे नऊ इंच, ३० वारांपर्यंत वीस इंच आणि ४० वारांपर्यंत जवळजवळ तीन फूट पडतो. हवेच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्तच. धनुष्यावरच्या पिना ही पडझड आधीच भरून काढतात, मात्र अंतर बरोबर असेल तरच. वीसची पिन धरून हरीण प्रत्यक्षात पंचवीसवर असेल, तर बाण साधारण दोन इंच खाली लागतो. तिसाच्या पिनेने पस्तीसवर तीन-साडेतीन इंच, आणि चाळीसच्या पिनेने पंचेचाळीसवर पाच इंच. म्हणजे चूक तेवढ्याच पाच वारांची असली तरी अंतर वाढेल तशी तिची किंमत वाढते.

आता हे हरणाच्या शरीराशी ताडून पाहावे. प्रौढ पांढऱ्या शेपटीच्या हरणाची छाती पाठीपासून तळापर्यंत सोळा ते अठरा इंच भरते आणि त्यातील फुप्फुसे व हृदय मिळून होणारे मर्मस्थान साधारण आठ इंच व्यासाचे, म्हणजे नाश्त्याच्या ताटलीएवढे असते. मध्यापासून चार इंच चुकले की आपण ताटलीच्या काठावर आहोत. त्यात हाताचा कंप, थंडीने आखडलेली बोटे आणि जाड जॅकेटची बाही यांनी होणारा दोन-तीन इंचांचा फरक आधीच खर्ची पडलेला असतो. अंतराच्या चुकीसाठी फार थोडी जागा उरते.

रिकर्व्ह धनुष्याचा, म्हणजे टोके पुढे वळलेल्या बिनचाकाच्या धनुष्याचा, बाण याहून बराच मंद, सेकंदाला १८० फुटांच्या आसपास निघतो. त्याला वीस आणि पंचवीस वारांमधला फरक सुमारे सहा इंचांचा पडतो. म्हणूनच पारंपरिक धनुष्य वापरणारे विचारी शिकारी पंधरा-वीस वारांच्या पुढे जात नाहीत, आणि तो संयम अगदी योग्य आहे.

अंतर हरीण येण्याआधी ठरवावे

माझ्या ओढ्याकाठच्या चुकीचे खरे मूळ चुकीचा अंदाज हे नव्हते. अंदाज करण्याची वेळ माझ्यावर आली, हे होते. मचाणावर बसल्यानंतर पहिल्या दहा मिनिटांत भोवतालची सगळी अंतरे मोजून ठेवायची असतात, आणि मी ते त्या दिवशी केले नव्हते.

मोजण्याची रीत अशी. मचाणावर चढून सुरक्षापट्टा बांधला की यंत्र काढावे आणि आपल्या डोळ्यांच्या पातळीवर समोरच्या झाडाच्या खोडावर रोखावे, बुंध्यावर नव्हे. तसे केले की आडवे अंतर थेट मिळते, आणि बाणाला महत्त्व असते ते आडव्या अंतराचेच. यंत्राचा किरण वाटेतल्या फांदीवरूनही परततो आणि भलताच आकडा दाखवतो, म्हणून प्रत्येक खोड दोन-तीनदा मोजावे. धुके किंवा पाऊस असेल तर अधिक वेळा. मग मिळालेले आकडे घड्याळाच्या तबकडीप्रमाणे लक्षात ठेवावेत. मी पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या कागदावर लिहितो आणि तो कागद बाहीवर चिकटपट्टीने लावतो. मागच्या हंगामातला एक कागद माझ्यासमोर आहे: बाराच्या दिशेला दुभंगलेला ओक, १७, दोनच्या दिशेला पडलेल्या ओंडक्याचे जाड टोक, २४, चारच्या दिशेला साल निघालेले हिकरीचे झाड, २९, नऊच्या दिशेला पायवाटेचे वळण, १४. ओढ्यापलीकडच्या काठासाठी आकडा नाही, तिथे फुली आहे.

हरीण आले की ते कोणत्या खुणेच्या अलीकडे किंवा पलीकडे आहे एवढेच पाहायचे असते. यात नजर हरणाच्या अंगावर नव्हे, त्याच्या पायांखालच्या जमिनीवर ठेवावी. हरणाच्या आकारावरून अंतर ओळखणे हा फसवा मार्ग आहे, कारण सप्टेंबरमधले पाडस अठरा वारांवर जेवढे दिसते, तेवढीच मोठी मादी बऱ्याच पलीकडे उभी असताना दिसते. शेजारी तुलनेला दुसरे हरीण नसेल तर दोन्हींतला फरक रानात पटकन कळत नाही.

येथे कोनाबद्दल सांगितले पाहिजे, कारण मचाणावरून मारताना कोनाची भीती अवास्तव घातली जाते. वीस फूट उंच मचाणावरून, बुंध्यापासून २० वारांवरच्या हरणापर्यंत तिरपे अंतर २१ वार भरते. फरक फक्त एका वाराचा आहे. सपाट रानात कोनाने अंतर फारसे बदलत नाही. डोंगरउतारावर मात्र ते बदलते: तीस अंशांच्या उतारावर यंत्राने ४० वार दाखवले, तर नेम ३५ चा धरावा लागतो. बरीचशी नवी यंत्रे हा हिशेब स्वतः करतात, पण ती सोय चालू आहे की नाही हे आपल्यालाच पाहावे लागते. उंचावरून मारताना खरी चूक वेगळीच होते, ती म्हणजे धनुष्याचा हात तेवढा खाली सोडणे. त्याने खांद्यांची आणि हातांची रचना मोडते. कमरेतून वाकावे आणि वरचे शरीर सपाट जमिनीवर असते तसेच ठेवावे.

यंत्र नसताना

यंत्राची बॅटरी थंडीत दम तोडते आणि अज्ञात अंतराच्या मैदानी स्पर्धांत तर यंत्राला परवानगीच नसते. म्हणून डोळा तयार करावाच लागतो. दोन रीती मला खात्रीच्या वाटतात. पहिली म्हणजे दहा दहा वारांचे तुकडे मनातल्या मनात जमिनीवर अंथरत जाणे. नऊवारी लुगडे उलगडून जमिनीवर पसरले आणि पुढे दोन हात मोजले की दहा वार होतात. असे एक, मग त्याच्या टोकापासून दुसरे. दुसरी रीत अर्ध्या वाटेची. आपण आणि लक्ष्य यांच्या बरोबर मधली एक खूण निवडावी, तिच्यापर्यंतचे अंतर ओळखावे आणि दुप्पट करावे. जवळचे अंतर डोळा बरे ओळखतो, म्हणून याने चूक कमी होते. दोन्ही रीतींनी अंतर काढावे आणि उत्तरे जुळली नाहीत तर जमिनीकडे पुन्हा पाहावे. बहुधा मध्ये एखादा खोलगट भाग नजरेतून सुटलेला असतो.

सराव करायला धनुष्य लागत नाही. संध्याकाळी फिरायला गेल्यावर विजेचा खांब, उभी गाडी, फाटक असे काहीही निवडावे, आकडा मनात पक्का करावा आणि मग पावलांनी मोजावे. आपली शंभर पावले म्हणजे किती वार, हे एकदा टेपने मोजून ठेवलेले असावे. विटी-दांडू खेळणाऱ्याने विटी किती दांडू लांब पडली याचा अंदाज आधी केलेला असतो आणि मोजणे नंतर होते. हा तोच खेळ आहे. चूक वहीत लिहिताना ती अधिक की उणे, हे चिन्ह जरूर लिहावे. महिन्याभरात स्वतःची खोड कळते. माझा डोळा मोकळ्यावर तीन-चार वार कमी सांगतो आणि दाट झाडीत दोन वार जास्त, हे मला वहीने शिकवले.

स्वतःची मर्यादा, आणि एकच पिन

मर्यादा ठरवण्याची कसोटी साधी आहे. कागदी ताटली लक्ष्यावर लावावी. सकाळी उठून, हात गरम न करता, शिकारीचेच कपडे घालून एक बाण मारावा; फक्त एक. हरणावर पहिलाच बाण मोजला जातो, म्हणून सरावातल्या पन्नासाव्या बाणाला इथे अर्थ नाही. वीस दिवस हे करावे. ज्या अंतरावर वीसही बाण ताटलीत बसले, ती शांत उभ्या लक्ष्यावरची आपली मर्यादा आहे. जिवंत हरणासाठी त्यातून आणखी चौथा हिस्सा कमी करावा. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याची ओढ, म्हणजे प्रत्यंचा ओढायला लागणारे बळ, किमान ३० पाउंड असावी असा नियम आहे, पण कायदा ओढ सांगतो, अंतर सांगत नाही. ते आपणच ठरवायचे असते.

नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी हे दोघे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाऊंड प्रकारात जगज्जेते झाले, त्या प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असते. त्यांची अचूकता पाहून आपल्याला अभिमान वाटतो आणि नकळत वाटते की, मग ३५-४० वारांत काय कठीण आहे! परंतु तेथे अंतर आधीच ठाऊक असते, लक्ष्य हलत नाही आणि आवाजाने दचकत नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो, म्हणजे बाणाच्या चौपट वेगाने. प्रत्यंचेचा आवाज हरणाच्या कानी बाणाच्या कितीतरी आधी पोहोचतो. हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबते, मग झेप घेते. २० वारांवर त्याला सेकंदाचा सहावा हिस्सा मिळतो, त्यात ते फारसे काही करू शकत नाही. ४० वारांवर त्याच्याजवळ सेकंदाचा तिसरा हिस्सा असतो. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात मोकळी पडणारी वस्तू साडेसात इंच खाली येते, म्हणजे आवाज कळेपर्यंतचा क्षण सोडला तरी हरणाला बाणाच्या वाटेतून खाली निसटायला पुरेसा वेळ उरतो. अंतर अचूक मोजले आणि नेम अचूक धरला तरी बाण पाठीवरून जातो किंवा, त्याहून वाईट, पाठीच्या स्नायूत घुसतो. मान वर, कान ताठ आणि नजर आपल्याकडे असलेल्या हरणावर म्हणूनच बाण सोडू नये, मग अंतर काहीही असो.

मचाणावर बसणाऱ्याला मी अनेक पिनांच्या गुंत्यापेक्षा २५ वारांवर लावलेली एक पिन सुचवेन. वर सांगितलेल्या वेगाच्या धनुष्यात ती मर्मस्थानाच्या मध्यावर धरली, तर १५-२० वारांवर बाण दीड इंच वर लागतो आणि ३० वारांवर अडीच-तीन इंच खाली. म्हणजे ३० वारांपर्यंत कुठेही ताटलीच्या बाहेर जात नाही. आपल्या धनुष्याचा वेग वेगळा असेल, म्हणून हे आकडे स्वतःच्या लक्ष्यावर, बाणाला शिकारीचेच धारदार पाते लावून तपासावेत. चुकीची पिन धरली जाण्याचा प्रश्नच याने मिटतो, आणि छातीत धडधडत असताना तो प्रश्न खरोखरच उद्भवतो.

नेम

हरीण पूर्ण आडवे उभे असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्यावी आणि छातीच्या उंचीच्या तळापासून एक तृतीयांशावर थांबावे. तेथे दोन्ही फुप्फुसे आणि खालच्या अंगाला हृदय आहे. हरीण थोडे दबले तरी बाण फुप्फुसातच जातो. हरीण आपल्यापासून तिरपे पलीकडे वळलेले असेल, तर अलीकडची बाजू विसरावी आणि पलीकडच्या पुढच्या पायाकडे बाण निघाला पाहिजे, अशी रेषा मनात ओढावी. त्यामुळे बाण आत शिरण्याची जागा बरीच मागे येते, आणि ते बरोबर असते. मचाणावरून मारताना शिरण्याची जागा किंचित वर असावी, म्हणजे तो खालून बाहेर पडताना मध्यातून जातो. अगदी बुंध्याशी आलेल्या हरणावर कोन इतका उभा होतो की एकच फुप्फुस सापडण्याचा संभव असतो. त्याला दहा-बारा वार पुढे जाऊ द्यावे. हरीण समोरून तोंड करून, आपल्याकडे तिरपे येत किंवा पाठ करून उभे असेल, तर बाण सोडू नये.

नेम हरणावर धरायचा नसतो, एका केसावर धरायचा असतो. अंगावरचा एखादा वळलेला केस, सुरकुती किंवा सावलीची कड निवडली की पिन आपोआप स्थिरावते. संपूर्ण हरणाकडे पाहिले की ती भटकते. क्रम कायम एकच ठेवावा: खूण आणि अंतर, हरणाचे डोके झाडाआड गेल्यावर ओढ, गालावरचा ठरलेला टेका, धनुष्य सरळ उभे आहे का हे दाखवणारा पातळीचा बुडबुडा मध्ये, पिन, केस, आणि मग बोटाने नव्हे तर पाठीच्या ताणाने होणारी सुटका. उतारावर बसले असताना बुडबुड्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण धनुष्य नकळत उताराच्या अंगाला कलते आणि बाण बाजूला जातो.

ओढून धरल्यावर हरीण वळले, तर प्रत्यंचा हळूच परत आणता आली पाहिजे. साठ पाउंडांच्या कंपाऊंड धनुष्यात चाकांमुळे पूर्ण ओढीवर हातात साधारण बारा पाउंडच उरतात, पण परत आणताना सगळा भार एकदम अंगावर येतो आणि हिसका बसतो. याचाही सराव करावा, रोज पाच वेळा. ज्याला बाण न सोडता धनुष्य शांतपणे उतरवता येत नाही, तो हात थकल्यामुळे बाण सोडून बसतो.

अंतर कमी करणे ही अंतर ओळखण्यापेक्षा मोठी विद्या आहे, आणि ती जुनी आहे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावात ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीचा शेवटचा माणूस, इशी, लोकांसमोर आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात तो १९१६ मध्ये मरण पावेपर्यंत राहिला आणि सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरला त्याने धनुष्य करायला व शिकार करायला शिकवले. बोटांवर ओठ दाबून काढलेल्या आवाजाने तो सशाला जवळ बोलावत असे. आज अमेरिकेत धनुष्यशिकारीचे नैतिक नियम सांगणारी संस्था, १९६१ मध्ये स्थापन झालेली, त्याच पोपचे आणि त्याचा सोबती आर्थर यंग याचे नाव लावते. माझ्या राज्यात १९३४ मध्ये केवळ धनुष्यासाठीचा हरणांचा हंगाम पहिल्यांदा सुरू झाला, तेव्हा स्वतःची धनुष्ये स्वतः घडवणारे प्रसिद्ध निसर्गसंरक्षक व लेखक आल्डो लिओपोल्डही त्या धनुर्धरांत होते. त्या धनुष्यांना ना पिना होत्या ना यंत्रे. त्यांना जवळच जावे लागे. मचाण पायवाटेपासून तीस वारांऐवजी पंधरा वारांवर बांधता येत असेल, तर तेच करावे. वारा कुठून येतो ते पाहून झाड निवडावे.

बाण सुटल्यावर

हरीण कुठे उभे होते आणि शेवटचे कुठे दिसले, या दोन जागा तेव्हाच खुणेने पक्क्या कराव्यात. फुप्फुसात बाण गेल्याची खात्री असली तरी अर्धा तास खाली उतरू नये. यकृतात गेला असे वाटले तर चार ते सहा तास, पोटात गेला असे वाटले तर आठ ते बारा तास थांबावे, कारण आधी माग काढला तर बसलेले हरीण उठून फार दूर जाते. मग बाण शोधावा आणि त्यावरचे केस, रक्ताचा रंग, फेस, वास नीट पाहावा.

आणि परतण्याआधी, बाण लागलेला असो वा चुकलेला, मचाणावर पुन्हा चढून हरीण उभे होते ती जागा यंत्राने मोजावी. सोडताना मनात धरलेला आकडा वहीत आधी लिहावा, मोजलेला त्याच्या शेजारी, आणि प्रकाश कसा होता व मध्ये जमीन कशी होती, हेही त्याच ओळीत.